अठ्ठावीस व्होल्ट

मोजमापाची उपकरणं कॉम्प्युटरला जोडताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: तू कोण? केबल लावली, उपकरणाला त्याचा नंबर दिला, की कॉम्प्युटर हाच प्रश्न पाठवतो. उपकरण एका ओळीत उत्तर देतं: बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, सिरीयल नंबर. उत्तर आलं की पुढचं बोलणं. नाही आलं तर केबल बघा, नंबर बघा, ड्रायव्हर बघा. माणसांशी मी साधारण असंच वागत आले आहे आणि त्यात काही चुकतंय असं मला बरीच वर्षं वाटलं नाही.

मी पुण्याची. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका टेस्ट लॅबमध्ये पंधरा वर्षं काम करते, राहते जवळच्या रीडिंग शहरात. लोक आपले नवे सर्किट बोर्ड आणि अॅम्प्लिफायर आमच्याकडे तपासायला आणून देतात. आम्ही एका टेबलावर सप्लाय, मीटर, जनरेटर, अॅनालायझर मांडतो, सगळे कॉम्प्युटरला जोडतो आणि प्रोग्राम लिहितो. मग कॉम्प्युटर सप्लायला सांगतो, इतके व्होल्ट दे. मीटरला सांगतो, मोज. माणसाने हात लावायचा नाही. काम बरोबर लावलं असेल तर कंटाळवाणं असतं. मला ते म्हणूनच आवडतं.

तो आमच्याकडे आला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. नागपूरचा, हातात चांगलं काम असलेला माणूस. कंपनीने त्याला वर्क व्हिसावर आणलं होतं आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. बायको तिकडे शाळेत कायम नोकरीत होती, ती सोडून आली होती. मुलगी इथे इयर टेनमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षी बोर्डासारखी परीक्षा. प्रोबेशन पार पडलं तर नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की तर तिघांचं राहणं पक्कं. नाही तर साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधा किंवा सामान बांधा. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मॅनेजरला फारसं माहीत नव्हतं, कारण त्याला आयुष्यात कधी व्हिसा लागला नव्हता.

प्रोबेशनच्या अहवालावर सही माझी असणार होती.

पहिल्या दिवशी तो माझ्या टेबलाजवळ आला.

"नमस्कार मॅडम. तुम्ही पुण्याच्या ना? एचआरने सांगितलं."

"इथे मॅडम वगैरे नाही. सगळे नावाने हाक मारतात."

"नावाने मला नाही जमणार. तुम्ही मोठ्या आहात. ताई म्हणू?"

"मी कुणाची ताई नाही."

"मग मॅडमच बरं," तो म्हणाला आणि हसला. मी हसले नाही.

उपकरणांशी बोलायला कॉम्प्युटरमध्ये जे सॉफ्टवेअर घालावं लागतं त्याचं नाव व्हिसा आहे. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने आमच्यासारख्यांचा विचार केला नसणार. आमच्या या नव्या माणसाने पहिलं उपकरण जोडलं आणि स्क्रीनवर लाल ओळ आली: व्हिसा, रिसोर्स नॉट फाउंड.

"बघ," मी म्हटलं, "पहिल्याच दिवशी व्हिसा सापडत नाही म्हणतोय. बॅगा उघडल्यास का सगळ्या? एखादी बांधलेली राहू दे."

तो मनापासून हसला. तो विनोद मी पुढे महिनाभर केला. व्हिसा टाइमआउट झाला, व्हिसा बंद करायला विसरलास, व्हिसा दुसऱ्याने घेतलाय. हे सगळे संदेश खरोखर येतात, मला फक्त वाचून दाखवायचे होते. तो रोज हसला. चौथ्या आठवड्यात त्याचं हसणं लहान झालं, तसा मला विनोद जास्त आवडायला लागला.

थट्टेला त्याची भाषाही मला पुरली. "प्रोग्राम चालून राहिला मॅडम," असं तो म्हणायचा, "मीटर बंद होऊन राहिलं." मी म्हणायचे, "इथे काही होऊन राहत नाही. होतं किंवा होत नाही." लंचला आमच्यात एक तमिळ मुलगी बसायची. तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी माझ्या आवाजावरून ती मान खाली घालायची.

दुसऱ्या महिन्यात मी त्याला गाव विचारलं. नागपूर माहीत होतं, मूळ गाव विचारलं. आडनावावरून नीट कळत नव्हतं. पुणेरी माणूस गाव का विचारतो हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तो केबलचा जाड कनेक्टर हातात घेऊन उभा होता. तो त्याने खाली ठेवला.

"मॅडम, जे विचारायचं आहे ते सरळ विचारा ना. आम्ही बौद्ध."

"मी गाव विचारलं होतं."

"हो का," तो म्हणाला आणि गावाचं नाव सांगितलं. मग कनेक्टर उचलून जागेवर बसवला, दोन्ही स्क्रू घट्ट केले.

त्यानंतर मी त्याच्याशी वाईट वागले असं कुणी म्हणू शकणार नाही. मी डब्यातलं त्याला द्यायचं बंद केलं, एवढंच. तेही लक्षात यावं इतक्या वेळा आधी दिलं नव्हतं.

काम त्याला येत होतं, हे लिहिलं पाहिजे. आमच्या टेबलावर दोन आठवडे एक भानगड चालू होती: प्रोग्राम अधूनमधून मध्येच लटकायचा आणि मीटरचे आकडे वेड्यासारखे यायचे. मी केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा घातला, कॉम्प्युटर बदलला. त्याने सगळी उपकरणं पाठमोरी केली आणि टॉर्च घेऊन मागची बारीक बटणं वाचत गेला. जुनं मीटर आणि जुना अॅनालायझर, दोघांचा नंबर एकच होता. कॉम्प्युटर एकाला हाक मारायचा आणि दोघं ओ द्यायचे. त्याने एक बटण पेनाच्या टोकाने खाली ढकललं. भानगड मिटली.

मॅनेजरला मी मेल लिहिला: आम्हाला दोष सापडला आहे. आम्हाला, असं लिहिलं. मॅनेजरने उत्तरात माझे आभार मानले. तो मेल त्यालाही गेला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या उपकरणांच्या पुढच्या बाजूला त्यांचे नंबर लिहिलेल्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्याने घरून चिकटपट्टी आणली होती.

आता नियमाबद्दल. लॅबच्या पांढऱ्या फळ्यावर माझ्या अक्षरात एक ओळ होती: आकडे फक्त इंग्रजीत. मराठी माणसं दोघंच होतो, म्हणजे ती ओळ त्याच्यासाठी होती. कारण पटण्यासारखं होतं. मराठीत आठ आधी येतो आणि वीस मागून. ऐकणारा आठ लिहून मोकळा होतो आणि शेपटाकडे त्याचं लक्ष राहत नाही. अठ्ठावीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठावन्न, सुरुवात सगळ्यांची सारखी. मोठ्या हॉलमध्ये पंखे चालू असताना असलं बोलायचं नाही. त्याला हे पटलं होतं आणि तो पाळत होता. आकडा सांगितला की तो परत म्हणून दाखवायचा आणि मी हो म्हटल्यावरच लिहायचा. मला त्या सवयीचा कंटाळा यायचा.

मिल्टन कीन्स शहरातल्या एका ग्राहकाची दोन कामं आमच्याकडे होती. एक मोठं कपाट, टेलिफोनच्या टॉवरखाली असतं तसं, अठ्ठेचाळीस व्होल्टवर चालणारं. दुसरा एक छोटा अॅम्प्लिफायर, तळहाताएवढा, अठ्ठावीस व्होल्टचा. तो त्यांनी हाताने बनवलेला एकुलता एक नमुना होता, अंगावर लेबलसुद्धा नव्हतं. त्याचे कागद ज्या फोल्डरमध्ये होते तो फक्त मला उघडत असे, कारण प्रोबेशनवरच्या माणसाला तो द्यायचा नाही अशी कंपनीची रीत. टेस्टच्या शीटवर सप्लायची कमाल मर्यादा लिहिण्याचा रकाना असतो. तो मी भरायचा होता. मी तो भरला नव्हता.

त्या दिवशी मी मिल्टन कीन्सला त्यांच्या ऑफिसात होते, कपाटाच्या मीटिंगला. समोर त्यांचे दोन इंजिनियर. सकाळीच त्यांनी विचारलं होतं की छोट्या अॅम्प्लिफायरचं काय, आणि मी सांगून टाकलं होतं की टेस्ट कालपासून चालू आहे. चालू नव्हती. सगळी उपकरणं जोडून व्हायची होती.

अकराच्या सुमारास लॅपटॉपवर लॅबमधून त्याचा कॉल आला. लॅबचे सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, कामाची नोंद राहावी म्हणून. मी कानात इअरफोन घातला आणि समोरच्यांना हाताने एक मिनिट अशी खूण केली.

"मॅडम, सगळी उपकरणं बोलायला लागलीत. सप्लायची मर्यादा तेवढी राहिली. शीटवर रकाना रिकामा आहे."

इंग्रजीत उत्तर दिलं असतं तर समोरच्या दोघांना कळलं असतं की काल चालू झालेली टेस्ट आज अजून सुरू व्हायची आहे. इथे आपण सगळे हे करतो: दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे. गोऱ्या माणसासमोर पटकन मराठीत शिरायचं आणि चेहरा हवापाण्याबद्दल बोलल्यासारखा ठेवायचा. मी चेहरा तसा ठेवला. माझ्यासमोर कपाटाचे कागद उघडे होते.

"किती टाकू?" त्याने विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस ना? म्हणजे फोर्‌..."

"हो हो, टाक. आणि इंग्रजी नको, समोर बसलेत."

कॉल संपला. समोरच्याने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, उत्तम, काम छान चाललंय असं सांगत होता.

वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला: मॅडम फोन करा. मी बाहेर कार पार्कमध्ये गेले आणि त्याच्या मोबाइलवर फोन लावला; ते कॉल रेकॉर्ड होत नाहीत.

"जळला," तो म्हणाला. "सप्लाय चालू झाला आणि दोन सेकंदांत धूर. मी बटण दाबलं, पण तोपर्यंत..." मग तो थांबला. "अठ्ठेचाळीस बरोबर होतं ना, मॅडम?"

मला त्याच क्षणी कळलं. कागद कुठले उघडे होते, तोंडातून काय गेलं, सगळं. हे लिहिताना मी लांबण लावणार नाही आणि मला नीट आठवत नाही असंही म्हणणार नाही.

"मी अठ्ठावीस म्हणाले," मी म्हटलं.

पलीकडे शीटचा कागद उचलल्याचा आवाज आला.

"मॅडम, मी परत विचारलं होतं."

"तू चुकीचं ऐकलंस आणि चुकीचंच परत विचारलंस. शीटवर काय लिहिलंय?"

"अठ्ठेचाळीस."

"कुणाच्या अक्षरात?"

"माझ्या."

"मग," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मिल्टन कीन्समधून बाहेर पडायचं तर एकामागून एक राउंडअबाउट लागतात. तिसऱ्यापर्यंत काय सांगायचं ते ठरलं होतं. त्या वर्षी लॅबप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती मला मिळणार असं सगळे धरून चालले होते. रकाना मी रिकामा सोडला होता, ग्राहकाशी मी खोटं बोलले होते, आकडा मी मराठीत सांगितला होता आणि तोही चुकीचा. यातली एक गोष्ट कबूल केली तर बाकीच्या तिच्यामागून आल्या असत्या. पुढचे राउंडअबाउट मी रोजच्यासारखे पार केले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला एकटीला बोलावलं. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. आपल्याकडे दोष शोधत नाहीत, कारण शोधतात, असं तो प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला म्हणतो, आणि मग दोष सापडेपर्यंत थांबतो. त्याच्यासमोर कालच्या कॉलचा छापील मजकूर होता. मशीनने मराठी बोलणं इंग्रजी समजून, जसं ऐकू आलं तसं उतरवून ठेवलं होतं.

"इथे काहीतरी चर्चमधल्या पेल्याबद्दल आहे," तो म्हणाला. मशीनला अठ्ठेचाळीसचं 'अॅट अ चॅलिस' ऐकू आलं होतं. "अॅट अ चॅलिस. मग तो म्हणतो, अॅट अ चॅलिस, नो, फॉर. मग तू म्हणतेस, हो हो, टॉक."

त्याने रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज मला परका आणि बराच तरुण वाटला. शब्द मात्र स्वच्छ होता. पंखे, खुर्च्या, काही आड आलं नव्हतं.

"हा कुठला आकडा?"

"ट्वेंटी-एट," मी म्हटलं.

"आणि तो काय म्हणतोय?"

"तो तेच परत म्हणतोय, ट्वेंटी-एट. लिहिताना त्याने गोंधळ केला."

दोन्ही वेळा उच्चार एकच होता, शब्दही तोच. तो चुकीचा शब्द बोलला असं मी सांगितलं असतं तर मॅनेजरने दोन्ही शेजारी लावून बघितले असते. एवढा विचार मी रात्रीच करून ठेवला होता.

"आणि हे हो हो? तू हसतेयस का?"

"हो. आमचं चालू असतं हसणं-खिदळणं."

मॅनेजर जरा हसला. ताणाखालीही टीममध्ये खेळीमेळी आहे हे त्याला बरं वाटलं. मग त्याने विचारलं की या माणसाची आधीची कामगिरी कशी होती. मी सांगितलं की मेहनती आहे, पण तपशिलात घसरतो. मागे दोन उपकरणांच्या नंबरांचा गोंधळ होता, तुम्हाला आठवत असेल. त्याला आठवत होतं. गोंधळ कुणी केला आणि कुणी शोधला हे त्याला कधीच माहीत नव्हतं.

मग मॅनेजरने त्याला आत बोलावलं. एचआरची बाई येऊन बसली, पाण्याचे ग्लास ठेवले. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हातात वही. त्याने वहीतून सगळं क्रमाने सांगितलं: किती वाजता कॉल, रकाना रिकामा, काय विचारलं, काय उत्तर आलं. इंग्रजी त्याचं साधं होतं पण चूक नव्हती.

"तिने फोर्टी-एट म्हटलं," तो म्हणाला. "मी कन्फर्म केलं. मी इंग्रजीतही म्हणायला लागलो, तिने थांबवलं."

"आम्ही रेकॉर्डिंगचं भाषांतर करून घेतलंय," मॅनेजर म्हणाला.

"कुणाकडून?"

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं नाही. तो सभ्य माणूस आहे. एचआरच्या बाईने पाहिलं.

"दुसऱ्या कुणाकडून करून घ्या," तो म्हणाला. "कोणताही मराठी माणूस चालेल. रीडिंगमध्ये कुणालाही विचारा. एकच शब्द आहे."

ग्राहकाचं गोपनीय काम कंपनीबाहेरच्या माणसाला ऐकवता येत नाही, असं एचआरची बाई म्हणाली. खरं होतं ते. आणि प्रोबेशनमध्ये इतक्या खोलात जायची गरजही नसते, हे तिने म्हटलं नाही, पण वहीत काहीतरी लिहिलं.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे इतकं थेट पाहिलं असेल. आणि मराठीत म्हणाला, अगदी हळू, रागावल्यासारखा अजिबात नाही:

"मॅडम, तुम्हीच सांगा ना त्यांना. अठ्ठेचाळीस म्हणजे किती."

मी इंग्रजीत म्हटलं, "कृपा करून या खोलीत इंग्रजी बोल. सगळ्यांना कळायला हवं."

एचआरच्या बाईने मान डोलावली. तिला माझं वागणं योग्य वाटलं.

त्याने वही मिटली. ग्लासातलं सगळं पाणी प्यायला. पुढे जे जे विचारलं त्याला तो येस आणि नो एवढंच म्हणत राहिला.

प्रोबेशनच्या अहवालात मी तीन वाक्यं लिहिली. ती सगळी सौम्य होती. सौम्य लिहिलं की कुणी पुन्हा वाचत नाही. त्याला शेवटचा आठवडा दिला, टेबल माझ्या ताब्यात देण्यासाठी.

तो आठवडा तो नेहमीच्या वेळेला आला. प्रोग्रामवर प्रत्येक ओळीशेजारी टिपा लिहिल्या. शेवटच्या दिवशी आम्ही उपकरणांसमोर उभे राहिलो, कारण ताबा तोंडी द्यायचा असतो आणि मग दोघांनी सही करायची असते. तो एकेका उपकरणावर बोट ठेवून त्याचा नंबर इंग्रजीत म्हणायचा आणि गप्प उभा राहायचा, मी तो परत म्हणेपर्यंत. मी पहिल्यांदा नुसतं हं म्हटलं. तो थांबून राहिला. शेवटी मी आकडा म्हटला. मग पुढचं उपकरण. नऊ उपकरणं होती. तमिळ मुलगी पलीकडच्या टेबलावर सोल्डरिंग करायचं थांबली होती. सप्लायशी आल्यावर तो नंबर म्हणाला, मी म्हटलं, मग तो म्हणाला, "मर्यादा तुम्ही भरा," आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी भरली. त्याने आकडा वाचला, सही केली.

"रेफरन्स द्याल का, मॅडम?" त्याने विचारलं. "साठ दिवस आहेत. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत."

"एचआर देते. तारखा आणि पद. कंपनीचं तसंच धोरण आहे."

"तुम्ही स्वतः दोन ओळी लिहिल्या तर फरक पडेल."

"धोरण आहे," मी म्हटलं.

त्याच्या जागी आमच्यातला कुणी असता तर मी खोटं बोलले नसते का? बोलले असते. नोकरी माझी होती. पण त्याला दोन ओळी लिहून दिल्या असत्या. हा हिशेब मी पुष्कळदा तपासून पाहिलाय, उत्तर बदलत नाही.

दोन्हीकडची बोलणी फिसकटली. हे मला कसं कळलं, तर त्याच्या बायकोने फोन केला. साठ दिवसांतले शेवटचे काही राहिले असतील. रविवारची दुपार होती, मी कपडे मशीनमधून काढत होते. तिला मी एकदाच भेटले होते, ऑफिसच्या समर पार्टीत. तिथे तिने ताई म्हटलं तेव्हा माझ्या बाजूला मॅनेजर उभा होता म्हणून मी काही बोलले नव्हते.

"ताई, रविवारी त्रास देते. एकच विचारायचं होतं."

"विचारा."

"आमचं जाणं ठरलं. पोरीची शाळा मधेच तुटतेय, पण ते असो. नोकरीचं नाही विचारत मी." तिचा आवाज शाळेत शिकवणाऱ्या बाईचा होता, शब्द स्पष्ट, घाई नाही. "घरात रोज यावरून भांडण होऊन राहिलंय. हे म्हणतात, मॅडम अठ्ठेचाळीसच म्हणाल्या. झोपेत पण तेच. मी म्हणते, अहो, एवढी शिकलेली बाई, आपल्या भाषेची, ती कशाला खोटं बोलेल? तुमच्याच कानांनी घात केला असेल. तर हे जेवत नाहीत. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत."

मी हातातला ओला शर्ट झटकून स्टँडवर टाकला.

"तुम्ही खरं काय ते सांगून टाका, ताई. तुम्ही अठ्ठेचाळीस म्हणाल्या असाल तरी मी कुणाला सांगणार नाही. आता सांगून काही होणार पण नाही, तिकिटं काढली. फक्त मला कळू द्या, मी कुणावर विश्वास ठेवायचा. नवऱ्याबरोबर परत जायचंय मला."

तिचं म्हणणं बरोबर होतं. आता सांगून काही होणार नव्हतं. माझी बढती झाली होती, कागद बंद झाले होते, रेकॉर्डिंग जिथे जायचं तिथे गेलं होतं. सांगितलं असतं तर मला एका पैचाही तोटा नव्हता.

"अठ्ठावीस म्हणाले होते मी," मी म्हटलं. "त्यांनी चुकीचं ऐकलं."

मग तिने तोंड फोनपासून बाजूला केलं आणि खोलीत कुणाला तरी म्हणाली, "ऐकलं का? ऐकलं ना आता? मी म्हणत होते की नाही?"

फोन स्पीकरवर होता. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मग तो म्हणाला, "ऐकलं."

"थँक यू ताई," ती म्हणाली. "आता तरी हे जेवतील."